सात नंबरचं वर्तुळ

आमचे सर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटचं चित्र काढायचे. चेहऱ्याचं नव्हे, पोटाचं. आणि तेही बाहेरून दिसतं त्या पोटाचं नव्हे, आतल्या. सोनोग्राफीचा कागद एकदा बघून उलटा ठेवायचे, पेशंटचं पोट हातानं नीट चाचपायचे, आणि मग पेन्सिलीनं पित्ताशय काढून त्यात खडे किती आणि कुठे असतील ते ठिपक्यांनी दाखवायचे. खाली सही. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनमध्ये जे खरोखर दिसलं त्याचं दुसरं चित्र व्हायचं, दोन्ही शेजारी ठेवली जायची आणि सर स्वतःला दहापैकी मार्क द्यायचे. सहाच्या वर गेलेले मी पाहिले नाहीत. इथं कुवेतमध्येच, जहराहून आलेल्या एका बाईंचे खडे चित्रात अकरा होते आणि प्रत्यक्षातही अकराच निघाले, तेव्हासुद्धा साडेपाच. एक खडा त्यांनी डावीकडे दाखवला होता, तो उजवीकडे सापडला.

मी म्हटलं, "सर, खडे आतल्या आत हलत असतील."

"हलत असतील तर तेही मला आधी कळायला हवं होतं," सर म्हणाले आणि साडेपाचचे पाच केले.

पहिलं चित्र पेशंटला भेट मिळायचं. सालमियातल्या एका मराठी कुटुंबानं सासूबाईंचं पित्ताशय फ्रेम करून हॉलमध्ये लावलं होतं. येणारे-जाणारे वांग्याचं चित्र म्हणून त्याची तारीफ करायचे आणि सासूबाई गप्प बसून राहायच्या.

मी सरांच्या थिएटरमधला टेक्निशियन. जाब्रियातल्या एका खासगी हॉस्पिटलात सर्जनच्या शेजारी उभं राहायचं आणि त्यानं मागायच्या आत हवं ते इन्स्ट्रुमेंट त्याच्या हातात ठेवायचं, हे माझं काम. चौदा वर्षं मी सरांच्या उजव्या हाताशी उभा होतो. त्यांच्या बायकोनं तो हात जितका पाहिला नसेल तितका मी पाहिला. ती बिचारी लवकर गेली आणि मुलगी कॅनडात. ती फोनवर इंग्रजीत बोलायची, सर मराठीत उत्तर द्यायचे आणि दोघांचंही त्यावर समाधान होतं.

सर मूळ मिरजेचे. वडील तंबोऱ्यांवर नक्षी काढणारे. मुलगा डॉक्टर झाला तेव्हा, हात वाया घालवला, असं ते म्हणाले होते म्हणे. सरांना ते पटलं नव्हतं, पण विसरताही आलं नव्हतं. त्यांच्या मते खरे सर्जन एकोणिसाव्या शतकातच होऊन गेले. ते लोक सकाळी कापायचे, दुपारी त्याचं चित्र काढायचे आणि उरलेल्या वेळात बेडकाच्या पायाला वीज लावून बघायचे. "आताचे सर्जन म्हणजे नुसते कापणारे," ते म्हणायचे. "मी दीडशे वर्षं उशिरा जन्मलो, त्याला माझा इलाज नाही." ही उणीव भरून काढण्यासाठी ते बाहेर पन्नास डिग्री असताना वेस्टकोट घालून हिंडायचे. घाम आला की तो किती आला हे वेस्टकोटाचं वजन करून लिहून ठेवायचे.

फोटोवर त्यांचा राग होता. कॅमेऱ्याला महत्त्वाचं काय ते कळत नाही, त्याला पित्ताशय आणि हातमोज्याची सुरकुती सारखीच, असं त्यांचं म्हणणं. एकदा बताक्यासाठी, म्हणजे इथल्या ओळखपत्रासाठी, फोटो द्यायचा होता, तर सर स्वतः काढलेलं स्वतःचं चित्र घेऊन खिडकीवर उभे राहिले. मी शेजारी होतो आणि शक्य तितका अनोळखी दिसायचा प्रयत्न करत होतो.

खिडकीमागच्या कुवेती माणसानं चित्र हातात घेतलं. "शिनू हादा?" म्हणजे, हे काय आहे.

"आना," सर म्हणाले. म्हणजे, मी.

त्यानं चित्राकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि मग मागच्या दोघांना बोलावलं. मला वाटलं, आता दोघांनाही बाहेर काढणार. पण त्याचं म्हणणं वेगळंच निघालं, त्यालाही स्वतःचं असं चित्र हवं होतं. सरांनी तिथंच काउंटरवर कागद ठेवून त्याला काढलं. चित्र झकास झालं. फक्त नाक त्यांनी आतून काढलं, मधला पडदा डावीकडे झुकलेला दाखवून. तो माणूस भडकला. सरांनी शांतपणे विचारलं, "तुम्हाला एका बाजूनं श्वास घ्यायला त्रास होतो ना?" त्यानं एक नाकपुडी दाबली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली, आणि त्याचा आवाज खाली आला. महिन्याभरात तो आमच्या नाकाच्या डॉक्टरांकडे ऑपरेशनसाठी हजर झाला. ओळखपत्रावर मात्र शेवटी फोटोच लागला, आणि सर ते कार्ड कुणाला दाखवायची वेळ आली की फोटोवर अंगठा ठेवून दाखवायचे.

त्यांचा सालमियातला फ्लॅट म्हणजे प्रयोगशाळा होती. इमारतीखाली गफूरभाईंचं किराणा दुकान. गफूरभाई रत्नागिरीकडचे, इथं तीस वर्षं झालेले. सरांनी त्यांच्याकडून खजुराची पेटी घेतली की ते मला हळूच विचारायचे, "ह्ये खजूर तुमचे डाक्टर खाताव की शिवताव?" आणि ते दोन्ही करायचे. एका खजुराची बी काढून दुसऱ्यात बसवायची, केसाएवढ्या बारीक दोऱ्यानं टाके घालायचे आणि कुठला खजूर आधी खराब होतो ते बघायचं. एकदा मी आणि बायको ईदच्या सुट्टीत त्यांच्याकडे गेलो, तर समोर बशीत खजूर. बायकोनं एक खाल्ला आणि दातात अडकलेला निळा नायलॉनचा टाका रुमालात काढून ठेवला. सर खुर्चीवरून उठले. "हा सोळा नंबर. तीन आठवडे झाले याला. चव कशी होती?"

"गोड," बायको म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"ओढल्यावर टाका सुटला की तुटला?"

घरी येताना बसमध्ये बायको म्हणाली की हा माणूस वेडा आहे, पण त्याच्या हातून ऑपरेशन करून घ्यायला मी एका पायावर तयार आहे. आम्हा सगळ्यांचं असंच होतं. सरांच्या वेडाला आम्ही हसायचो कारण त्यांच्या हातावर आमचा विश्वास होता. त्या माणसाला कापणं आणि चित्र काढणं या दोनच गोष्टी येत होत्या आणि दोन्ही त्या एकाच हातानं व्हायच्या. चहा ओतणं, गाडी चालवणं, शर्टाचं बटण लावणं, यातलं त्यांना काही धड जमत नव्हतं.

म्हणून एक दिवस त्यांच्या हातून सुई पडली तेव्हा थिएटरमध्ये कुणी ते मनावर घेतलं नाही. सुई पडते. मी दुसरी दिली. तिचंही टोक जिथं जायला हवं तिथं जायच्या आधी दोनदा डगमगलं. समोर उभ्या असलेल्या डॉक्टर मोनानं, त्यांच्या इजिप्शियन असिस्टंटनं, नुसता हात पुढे केला आणि सरांनी सुई तिच्याकडे दिली. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "एसी फार आहे." आमच्या थिएटरमध्ये थंडी असते हे खरं. त्यांनी मुदीरकडे, म्हणजे आमच्या मॅनेजरकडे, तापमान वाढवायची मागणी केली. मुदीर म्हणाले की बाकी कुणाची तक्रार नाही.

"ठीक आहे. सिद्ध करून दाखवतो," सर म्हणाले. आणि वर्तुळं सुरू झाली.

प्रयोग असा होता. विभागातल्या एकोणीस जणांनी, डॉक्टरपासून चहावाल्या चाचांपर्यंत, रोज दोन वर्तुळं काढायची: एक थिएटरच्या थंडीत, एक कॉफीच्या खोलीत. हात न टेकता, एका दमात. नाव लिहायचं नाही. मी कागद गोळा करणार, मागे प्रत्येकाचा ठरलेला नंबर टाकणार, आणि कुठला नंबर कुणाचा ही यादी माझ्या लॉकरमध्ये राहणार. ती सरांनीही बघायची नाही. तीन महिन्यांनी सर नुसत्या रेघा बघून निकाल लावणार आणि मग मी नावं सांगणार. "सर, तुम्ही पण काढणार?" मी विचारलं. "मग? शास्त्रात कुणी मोठा नसतो," ते म्हणाले.

पहिल्या आठवड्यात लोकांनी कुरकुर केली, दुसऱ्यात सवय झाली, तिसऱ्यात चढाओढ लागली. मोठ्या सिस्टर घरून सराव करून यायच्या. एकदा मुदीर कॉफीच्या खोलीत डोकावले तर नऊ जण अवघडून हात हवेत धरून शून्यं काढत बसलेले. त्यांना वाटलं, मॅनेजमेंटला शून्य मार्क द्यायची मोहीम चालली आहे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं आणि आमच्या मागण्या काय आहेत ते प्रेमानं विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही, पण पुढच्या आठवड्यात कॉफीच्या खोलीत नवी खुर्ची आली.

कागदांवर नंबर टाकायचं काम माझं, त्यामुळे मला रोज दिसत होतं. सरांचा नंबर सात होता. पहिल्या महिन्यात सातची वर्तुळं बरी होती. दुसऱ्या महिन्यात रेघ खरखरीत व्हायला लागली. मग ती थंडीतही थरथरायची आणि उबेतही. मी आधी स्वतःला सांगितलं की त्यांनी घाईत काढलं असेल. मग सांगितलं की पेन्सिल वाईट असेल. चौदा वर्षं मी ज्या हातात इन्स्ट्रुमेंट ठेवत होतो त्याच्याविषयी आता मला जे कळत होतं ते कुणाला सांगावं, हे सुचत नव्हतं. मोनाला सांगितलं असतं तर चुगली झाली असती. सरांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, तीन महिने व्हायच्या आत यादी उघडायची नाही असं ठरलंय.

निकालाच्या दिवशी सरांनी कॉफीच्या खोलीतलं टेबल साफ करून त्यावर सगळे कागद मांडले. वेस्टकोटाची वरची दोन बटणं चुकीच्या काजात होती. आम्ही बाकीचे अठरा जण भोवती उभे.

"पहिली गोष्ट, थंडीचा काही संबंध नाही. मी चुकलो," ते म्हणाले. मुदीरना तसं कळवायलाही सांगितलं. "दुसरी गोष्ट, हा चार नंबर. अशी रेघ मी आयुष्यात पाहिली नाही. कोण आहे हा?"

मी यादी उघडली. चार नंबर म्हणजे चहावाले चाचा, बांगलादेशचे, पासष्टीचे. चाचा लाजले. "साहब, हम तो रोज बारा कप उठाता है," ते म्हणाले. सरांनी उठून त्यांच्याशी हात मिळवला आणि त्यांचा पंजा सोडायच्या आधी तो उलटसुलट करून पाहिला. पुढे कितीतरी दिवस ते चाचांना दुपारी बोलावून केळ्याच्या सालीला टाके घालायला शिकवत होते, आणि चाचांचे टाके आमच्या दोन ज्युनियर डॉक्टरांपेक्षा सरस पडायचे.

"आणि आता हा सात नंबर." सरांनी सातचे कागद उजेडाकडे धरले. "सुरुवातीची ठीक आहेत. मग बघा, इथून रेघ हलते. पुढे वाढतच जाते. हा हात मी ओळखत नाही. पण ज्याचा असेल त्यानं यापुढे सुरीला हात लावायचा नाही. मग तो कुणीही असो. मी स्वतः वर लिहून देणार आहे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कोण?"

अठरा माणसं माझ्याकडे बघत होती. मोनाचा चेहरा उतरला होता. आपलाच नंबर निघणार असं तिला वाटत असावं. मी यादीकडे पाहिलं, जणू काही मला ठाऊक नव्हतं. सात नंबरपुढे माझ्याच अक्षरात 'सर' लिहिलेलं होतं.

"मी," मी म्हणालो.

इतक्या वर्षांत मी बोललेलं हे सगळ्यात मूर्खपणाचं वाक्य. पण त्या क्षणी एवढ्या लोकांसमोर दुसरा शब्द तोंडातून निघेना. मी यादीची घडी करून खिशात घातली. सर टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात खांद्यावर थरथरत होता आणि ते मला धीर देत होते.

दुसऱ्या दिवसापासून मला थिएटरमधून काढलं. सरांनी स्वतः रदबदली करून माझी नोकरी राखली आणि मला इन्स्ट्रुमेंट धुण्याच्या खोलीत टाकलं. तिथं वापरलेल्या लोखंडी ट्रे उचलून मशीनमध्ये ठेवायच्या आणि मशीनमधून काढून मांडणीवर चढवायच्या, दिवसाला पाऊणशे. थिएटरमध्ये माझ्या जागी एक नवीन मुलगी आली. तिला सरांची सवय नव्हती, पण मोनाला होती. सुई घालायची वेळ आली की मोना हात पुढे करायची, सर सुई द्यायचे, असं ती मुलगी ट्रे आणून देताना मला सांगायची. पुढच्या सहा आठवड्यांत कुणाला काही झालं नाही ही देवाची कृपा म्हणायची, किंवा मोनाची. माझी तर नक्कीच नव्हती. मला रोज वाटायचं, आज जाऊन सांगावं, आणि रोज ट्रे संपेपर्यंत सर घरी गेलेले असायचे.

शिवाय सरांनी माझ्यावर उपचार सुरू केले होते, ते वेगळंच. माझा चहा बंद. रोज पाच मिनिटं पाण्याची बाटली सरळ हातात धरून उभं राहायचं. शुक्रवारी त्यांच्या फ्लॅटवर जायचं आणि तिथं ते माझ्या मनगटाला ओलं फडकं बांधून त्यात एका जुन्या बॅटरीच्या तारा खोचायचे. एकोणिसाव्या शतकात कंपावर हाच इलाज करायचे म्हणे. पहिल्या झटक्याला माझी बोटं आपोआप नाचायला लागली.

"बघ. पकडला कंप," सर म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं.

"सर, हे विजेनं होतंय."

"विजेनं फक्त बाहेर आलं. आत होतंच."

उतरताना गफूरभाई विचारायचे, "आज तुमाला शिवला काय?" मी म्हणायचो, नाही, आज नुसती वीज. ते मान हलवून मला एक लिंबू सरबत द्यायचे.

पाचव्या आठवड्यात एक जड ट्रे वरच्या मांडणीवर चढवताना माझ्या जांघेत काहीतरी सरकलं. हात लावून पाहिलं तर लिंबाएवढी गाठ. हर्निया. सरांना कळलं तसे ते धावत धुण्याच्या खोलीत आले, मला तिथंच उभं करून खोकायला लावलं.

"मी तुला इथं टाकलं म्हणून हे झालं," ते म्हणाले. "हे ऑपरेशन मी करणार. मोनाला हातसुद्धा लावू देणार नाही."

मी म्हटलं, एवढी काही गरज नाही. ते म्हणाले, गरज आहे, हे माझ्यावर ऋण आहे. बायकोला घरी सांगितलं तेव्हा ती खूश झाली. "मग काळजीच मिटली," ती म्हणाली. तिला खरं काय ते मी सांगितलेलं नव्हतं. आता एकच प्रश्न उरला होता: मी सात नंबरच्या हाताखाली झोपायचं, की त्या हाताच्या मालकाला सांगायचं? झोपणं सोपं वाटावं इतका मी घाबरट आहे, हे मला त्या आठवड्यात कळलं.

ऑपरेशनच्या सकाळी सर खूण करायला वॉर्डात आले. कुठं कापायचं ती रेघ पेशंटला उभं करून काढतात. मी मागं बांधायचा गाऊन घालून उभा होतो, पुढून तो वर धरलेला. सरांनी खुर्ची ओढली, स्वतः बनवलेल्या जांभळ्या शाईची दौत पलंगावर ठेवली, बोरू बुडवला.

"खोक."

मी खोकलो. त्यांनी रेघ काढली. चार बोटं लांबीची, सरळ जायला हवी अशी रेघ. मी खाली मान घालून पाहिलं. ती तीन ठिकाणी वळली होती.

"बोरू नीट तासला नाही," सर म्हणाले आणि पुन्हा दौतीकडे वळले. मी त्यांचं मनगट धरलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

"सर, सात नंबर मी नव्हतो."

"मग कोण?"

मी मनगट सोडलं नाही. ते माझ्या मुठीत थरथरत होतं आणि ते आता त्यांनाही जाणवत असावं. सर आधी माझ्या हाताकडे आणि मग रेघेकडे बघत राहिले.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"दुसऱ्या महिन्यापासून."

"म्हणजे तू खोटी नोंद सांगितलीस," ते म्हणाले. "माझ्या प्रयोगात."

त्यांना एवढं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "हात काय, हात कुणाचेही जातात. पण नोंद? एकोणीस माणसांनी तीन महिने मान मोडून वर्तुळं काढली आणि तू सगळ्यावर बोळा फिरवलास. विजेचा निकाल, तोही खोटा?"

"तोही खोटा."

"ती सगळी पानं फाडावी लागणार." मी कमरेखाली उघडा, एका हातानं गाऊन सावरत, शास्त्राच्या शिस्तीवर बोलणी खात होतो आणि सारखं सॉरी सर, सॉरी सर म्हणत होतो. शेजारच्या पलंगावरचा पेशंट भिंतीकडे तोंड करून हसत होता. मग एकाएकी सर बोटांवर काहीतरी मोजायला लागले.

"या सहा आठवड्यांत मी नऊ ऑपरेशनं केली," ते म्हणाले.

"सुया मोनामॅडमनी घातल्या, सर. प्रत्येक वेळी."

"तिला ठाऊक होतं?"

"विचारलं नाही कधी. त्या फक्त हात पुढे करतात."

सरांनी चष्मा काढला. तो पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. "इतके दिवस ते कागद माझ्यासमोर होते," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचीही रेघ मी ओळखली असती. माझीच ओळखली नाही रे." मला रडू आलं. हातात गाऊन होता त्यानंच डोळे पुसले, आणि शेजारच्या पेशंटचं हसणं थांबलं.

ऑपरेशन मोनानं केलं. पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केला होता, त्यामुळे मी जागा होतो. सर माझ्या उशाशी स्टुलावर बसले, पडद्याच्या अलीकडे, जिथून काही दिसत नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून. पलीकडून नुसते इन्स्ट्रुमेंटचे आवाज येत होते आणि ते आवाज ऐकून सर मला सांगत होते, आता कातडीखालचा थर, आता पिशवी सोडवतेय, आता आत ढकलली. एकदा मध्येच म्हणाले, "थांबली. का थांबली?" पलीकडून मोना म्हणाली, "सर, धागा बदलतेय." सर म्हणाले, "बरोबर." सगळं झाल्यावर मोना पडद्यावरून डोकावली. "खलास, सर." अरबीत म्हणजे, झालं. सरांनी मांडीखालून हात काढून तिला टाळी दिली. एक टाळी हुकली, दुसरी लागली.

त्याच दुपारी त्यांनी वर लिहून दिलं. पत्रात एवढंच होतं की विभागातल्या सात नंबरच्या हातात यापुढे सुरी देण्यात येऊ नये, आणि खाली सही. मुदीरना सात नंबर कोण ते कळेना. ते पुन्हा मला शोधत वॉर्डात आले आणि मी त्यांना पडल्या पडल्या सांगितलं. ते कितीतरी वेळ पत्राची घडी घालत आणि उघडत उभे होते.

माझ्या पोटावर आता दोन रेघा होत्या. एक मोनाची, सरळ, टाके घातलेली. तिच्यावर बोटभर अंतरावर सरांची, जांभळी, वाकडी. मोनानं ती सोडून खाली कापलं होतं. शाई सरांनी अशी बनवली होती की साबणानं हलायची नाही. बायको म्हणाली, स्पिरिट लावून काढून टाक, बघवत नाही. मी नको म्हणालो. का ते तिला सांगता येईना. त्या हातानं माझ्यासाठी काढलेली ती शेवटची रेघ होती, आणि माझ्यासारख्या माणसाला असं काही कोण कशाला देईल.

आठव्या दिवशी मोनानं टाके काढले. सर तिच्या मागं उभे होते, वेस्टकोट घालून. मिरजेचं तिकीट काढून झालं होतं. मोना निघून गेल्यावर ते जवळ आले आणि वाकून पाहू लागले.

"ही अजून ठेवलीस?"

"राहू दे सर."

"चुकीची रेघ आहे ती."

"असू दे."

"चुकीची नोंद ठेवायची नसते, एवढं तरी शिक," ते म्हणाले. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून ते पुसायला लागले. हात इतका हलत होता की बोळा रेघेवर कमी आणि आजूबाजूला जास्त फिरत होता. मी मदत करायला हात उचलला तर त्यांनी तो कोपरानं बाजूला सारला. पुसून व्हायला पंधरा मिनिटं तरी लागली असतील. मला गुदगुल्या होत होत्या, ताज्या जखमेवर स्पिरिट चुरचुरत होतं आणि डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं, पण मी श्वास धरून पडून राहिलो. दोघांपैकी एकानं तरी स्थिर राहायला हवं होतं.